काच तापवण्याआधी गार करायला शिकावे

भट्टीतल्या काचेचे काम शिकायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: काच किती अंशांना वितळते? प्रश्न रास्त आहे, कारण बर्फ, शिसे, तांबे या पदार्थांना वितळण्याचे एक ठरावीक तापमान असते आणि शाळेत आपण ते पाठही केलेले असते. काचेला मात्र असा एक आकडा नाही. तिच्या अंतर्रचनेत स्फटिकांची शिस्त नसल्यामुळे ती एका क्षणी घन आणि पुढच्या क्षणी द्रव अशी होत नाही, ती हळूहळू सैल होत जाते. खिडकीची साधी काच घेतली तर साधारण ५५० अंश सेल्सिअसपर्यंत ती होती तशीच दिसते. ७०० अंशांच्या पुढे स्वतःच्याच वजनाने वाकू लागते. ७६० ते ७८० च्या दरम्यान एकीवर एक ठेवलेल्या दोन काचा चिकटतात, पण त्यांच्या कडा वेगळ्या ओळखू येतात. आणि ८२० ते ८४० च्या आसपास त्या एकजीव होऊन वरचा पृष्ठभाग सपाट आणि चकचकीत होतो. साच्यात काच वाकवण्याचे स्लम्पिंग, नुसते चिकटवण्याचे टॅक फ्यूजिंग आणि पूर्ण एकजीव करण्याचे फुल फ्यूजिंग ही तंत्रे या एकाच प्रवासातल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर उभी आहेत.

पुण्यात कोथरूडमधल्या एका छोट्या कार्यशाळेत मी हे काम करते आणि शिकवते. शिकवता शिकवता माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते इथे सविस्तर मांडायचे आहे. या कामाचे शिक्षण काच तापवण्यापासून सुरू होऊ नये, गार करण्यापासून सुरू व्हावे; आणि भट्टीचे तयार वेळापत्रक विद्यार्थ्याच्या हाती कधीही देऊ नये, ते त्याचे त्यालाच लिहायला लावावे.

असे म्हणण्याचे कारण या कामाच्या स्वभावातच आहे. चाकावर बसलेला कुंभार मातीशी सतत बोलत असतो. भिंत पातळ झाली, तोल गेला, की त्याचा अंगठा लगेच ते सावरतो. नळीने काच फुंकणाऱ्या कारागिराच्या समोरही काच मऊ आणि लाल असते, आणि तो तिला फिरवत, पुन्हा आगीत धरत, आकार देत राहतो. आमच्या कामात हातांनी करायचे सगळे काही काच थंड असतानाच संपते. काच कापायची, घासायची, स्वच्छ पुसायची, रंगीत तुकडे आणि फ्रिट, म्हणजे काचेचा रवा, मनाप्रमाणे रचायचे आणि झाकण बंद करायचे. त्यानंतरचे पंधरा-वीस तास काचेवर अंमल असतो तो कंट्रोलरमध्ये, म्हणजे भट्टीचे तापमान सांभाळणाऱ्या यंत्रात, भरलेल्या काही ओळींचा: तासाला किती अंशांनी चढायचे, कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे, किती सावकाश उतरायचे. ज्याला या ओळी दुसऱ्याने लिहून दिल्या आहेत, त्याने काच रचली एवढेच म्हणता येईल. ती वस्तू घडवली दुसऱ्यानेच.

माझे स्वतःचे शिक्षण दोन अगदी वेगळ्या ठिकाणी झाले. काच कापायला मी भवानी पेठेतल्या एका प्लाय-काचेच्या दुकानात शिकले. तिथे आरशांच्या आणि टेबलटॉपच्या काचा कापणारे एक वयस्कर कारागीर होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. रॉकेलमध्ये बुडवलेला हिरा काचेवर एकाच दाबाने, एका दमात, कडेपासून कडेपर्यंत ओढायचा आणि रेघ पडली की वेळ न घालवता काच मोडायची, हे त्यांनी मला दाखवले. "दुसऱ्यांदा त्याच रेघेवर ओढलंत, तर हिराही जाईल आणि काचही," एवढेच ते बजावत. रेघ नीट पडते आहे की नाही, हे त्या बारीक, सलग करकरीवरून कळते, आणि तो आवाज एकदा कानात बसला की डोळ्यांवर फार अवलंबून राहावे लागत नाही. भट्टीचा भाग मात्र मी मातीकाम करणाऱ्या मंडळींमध्ये राहून, परदेशी शिक्षकांच्या कार्यशाळांमधून आणि काच बनवणाऱ्या कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकांवरून शिकले. मातीकामाच्या भट्टीत सगळे लक्ष वरच्या तापमानावर असते, कारण ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, पक्के झाले की मुख्य काम झाले. उतरताना भट्टी बंद करून ती आपोआप थंड होऊ दिली तरी बहुतेक वेळा चालते. काचेच्या बाबतीत हीच सवय घातक ठरते.

काच तापून प्रसरते किंवा थंड होऊन आक्रसते तेव्हा तिचा बाहेरचा थर आणि गाभा एकाच वेगाने बदलत नाहीत, कारण काच उष्णतेची मंद वाहक आहे. थंड होताना बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि गाभा त्याच्या मागून आक्रसत राहतो. वरच्या तापमानांना काच पुरेशी सैल असल्यामुळे ही ओढाताण ती स्वतःच सोडवते. पण ठरावीक तापमानाच्या खाली गेल्यावर तिला हलता येत नाही आणि तेव्हा आत जो ताण उरतो तो कायमचा उरतो. म्हणून साध्या फ्लोट काचेला, म्हणजे खिडकीच्या काचेला, सुमारे ५४५ अंशांवर रोखून धरतात, वस्तूचा प्रत्येक भाग सारख्या तापमानाला आणतात, आणि मग पुढचे शंभर-सव्वाशे अंश अत्यंत सावकाश उतरवतात. हेच अ‍ॅनीलिंग. ते चुकले तर वस्तू भट्टीतच दुभंगते असे नाही. ती सुंदर दिसते, घरी जाते, खिडकीत ठेवली जाते, आणि महिन्याभराने कधीतरी, कुणी हात लावलेला नसताना, तडकते. ज्याने तापवण्याचेच शिक्षण घेतले आहे त्याला हे का झाले ते कळत नाही, आणि तो काचेला दोष देतो.

अ‍ॅनीलिंगचा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की चौपट सावकाशी लागते. अमेरिकेतल्या पोर्टलँड इथली बुल्सआय ही कंपनी आपल्या काचेसाठी जो तक्ता देते, त्यात १२ मिलिमीटर जाडीच्या सपाट वस्तूला पहिल्या टप्प्यात तासाला ५५ अंश, २५ मिलिमीटरला तासाला १५ अंश, आणि ५० मिलिमीटरला तासाला ४ अंशांहूनही कमी असा उतार सांगितलेला आहे. हे तीन आकडे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते आणि त्यांच्यातले नाते विद्यार्थ्यांना शोधायला लावते. ते सापडले की वर्गातला एक मोठा गैरसमज आपोआप गळून पडतो. वस्तू जाड करणे म्हणजे फक्त जास्त काच वापरणे असे समजणाऱ्यांना, जाडी ही मुळात वेळेची किंमत आहे हे दिसू लागते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मला नेहमी सांगावेसे वाटते. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीसाठी लागणारी आरशाची तबकडी डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग इथे ओतली गेली. तिचे वजन सुमारे वीस टन होते, आणि ते कमी ठेवण्यासाठी तिच्या पाठीमागचा भाग मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे पोकळ ठेवलेला होता. ती तापमानाला कमी दाद देणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची होती, तरीही तिला थंड करायला जवळजवळ दहा महिने लागले, आणि मधल्या काळात, १९३५ च्या उन्हाळ्यात, गावातल्या नदीला पूर येऊन वीजपुरवठाही खंडित झाला होता. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज गेली की मला त्या तंत्रज्ञांची आठवण येते. आमच्या सहा मिलिमीटरच्या थाळीला अर्ध्या तासाच्या अंधाराने सहसा काही होत नाही, कारण जाड फायबरचे अस्तर असलेली भट्टी बंद झाली तरी फार वेगाने उतरत नाही. पण तेव्हा झाकण उघडून पाहायचे नाही, हे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले असावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी, आणि वर्षभर गुरुवारी, मी जाड वस्तू भट्टीत लावत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

ताण डोळ्यांना दिसत नाही, पण दाखवता येतो, आणि माझ्या वर्गातला सर्वांत उपयोगी तास याच दाखवण्याचा असतो. त्यासाठी लागणारी पोलरायझिंग फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा (ध्रुवित) प्रकाश पुढे जाऊ देणारा पापुद्रा, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात बिघडलेल्या एलसीडी पडद्यावरून काढून मिळते. खरे तर संगणकाचा कोरा पांढरा पडदा आणि एक फिल्म एवढ्यावरही भागते, कारण पडद्यातून येणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो. फिल्म अशी फिरवायची की पडदा काळा दिसेल, आणि मग दोन्हींच्या मध्ये वस्तू धरायची. आधी मी मुलांच्या कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरते. तिच्यात इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात, कारण साच्यात ओतताना गोठलेला ताण तिच्यात असतो. मग नीट अ‍ॅनील केलेली काचेची चकती धरते. ती काळ्यावर काळीच राहते. शेवटी तशीच दिसणारी, पण मुद्दाम घाईने थंड केलेली चकती धरते, आणि तिच्या कडेने पांढरा उजेड पेटतो. दोन्ही चकत्या त्याआधी सगळ्यांच्या हातांतून फिरलेल्या असतात आणि कुणालाही त्यांत फरक जाणवलेला नसतो. या एका तासानंतर थंड करण्याच्या वेळेवर कुणी कुरकुर करत नाही.

त्यानंतर वही निघते. पहिला अभ्यास सर्वांना सारखा असतो: तीन मिलिमीटरच्या दोन फ्लोट काचा एकजीव करून सहा मिलिमीटरची चौकोनी फरशी करणे. तिचा आलेख, म्हणजे भट्टीचे वेळापत्रक, प्रत्येकाने स्वतः लिहायचा, आणि प्रत्येक ओळीसमोर कारण लिहायचे. ५५० अंशांपर्यंत तासाला १५० च का? कारण थंड, ठिसूळ काचेला एकदम चटका बसला तर ती चढतानाच फुटते. ६७० अंशांवर अर्धा तास का थांबायचे? कारण तेव्हा वरची काच मऊ होऊन हळूहळू खालच्या काचेवर टेकते आणि मधली हवा कडेने निघून जाते. हा थांबा गाळला तर हवा अडकून फुगे येतात. तिथून ८२५ पर्यंत झपाट्याने का जायचे, आणि वरून ५४५ पर्यंत तितक्याच झपाट्याने का उतरायचे? कारण मधल्या पट्ट्यात काच रेंगाळली तर तिच्या पृष्ठभागावर स्फटिक धरू लागतात आणि चकाकी जाऊन खरखरीत साय आल्यासारखी दिसते. साखरेच्या पाकात कढईच्या कडेचा एखादा कण पडला की सगळा पाक रवाळ होऊ लागतो; काचेवर राहिलेला बोटाचा ठसा, धूळ किंवा घासण्याची भुकटी नेमके हेच काम करते. म्हणून आमच्याकडे काच पुसण्यावर जितका वेळ जातो तितका बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो.

सहा मिलिमीटरची जाडी मी सोयीसाठी निवडलेली नाही. पूर्ण वितळलेली काच पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांच्या ओढाताणीत साधारण तेवढ्याच जाडीवर स्थिरावते. एकच तीन मिलिमीटरची काच त्या तापमानाला नेली तर ती कडांकडून आत आक्रसते आणि तिचे कोपरे टोकदार होतात. चार मिलिमीटरच्या तीन काचा रचल्या तर त्या बाहेर पसरतात. विद्यार्थी हे प्रयोग करून पाहतात, भट्टीत जाण्याआधी आणि आल्यानंतर तुकड्यांची लांबी-रुंदी मोजतात, आणि मग पुढच्या वेळी कुठे बांध घालायचा हे त्यांना विचारावे लागत नाही.

वहीत आणखी बऱ्याच गोष्टी येतात. शेल्फवर, म्हणजे भट्टीत काच ज्यावर ठेवतात त्या फरशीवर, लावायचा लेप, म्हणजे अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी मातीचे पाण्यातले मिश्रण, पावसाळ्यात पूर्ण वाळला होता का? तो ओला राहिला तर त्यातली वाफ काचेखाली फुगे आणते, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या हवेवर तो वाळतच नाही. शेल्फ आधी भट्टीतच गरम करून घ्यावी लागते. फ्लोट काचेची टिनची, म्हणजे कथलाची, बाजू वर होती की खाली? ही काच वितळलेल्या कथलाच्या कुंडावर तरंगवून बनवतात. अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांची ही पद्धत १९५९ साली जाहीर झाली आणि आज आपल्या घरांतल्या जवळपास सगळ्या खिडक्यांची काच अशीच बनते. कथलाला टेकलेल्या बाजूवर धातूचा अदृश्य थर राहतो. भट्टीत काच वाकताना तो आक्रसला तर धुरकट सुरकुती येते. लघुलहरी अतिनील दिव्याखाली तीच बाजू दुधट उजळते, त्यामुळे ती ओळखणे सोपे असते. तो दिवा डोळ्यांकडे वळवायचा नाही, आणि फ्रिटची पूड किंवा फायबर पेपर, म्हणजे भट्टीत वापरायचा उष्णतारोधक कागद, हाताळताना मास्क लावल्याशिवाय टेबलापाशी यायचे नाही, या दोन नियमांना माझ्याकडे सवलत नाही.

रंगांकडे आम्ही उशिरा वळतो. खिडकीच्या काचेवर वाटेल ती रंगीत काच वितळवता येत नाही, हे ऐकून अनेकांचा विरस होतो. दोन काचांचा प्रसरण गुणांक, म्हणजे तापल्यावर फुगण्याचे प्रमाण, वेगळा असेल तर एकत्र वितळल्या तरी थंड होताना त्या वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, आणि कितीही सावकाश अ‍ॅनील केले तरी त्यांच्यातला ताण जात नाही. गुणांकाचे आकडे जुळले म्हणजे काम झाले असेही नाही, कारण काच कोणत्या तापमानाला किती घट्ट होते हेही जुळावे लागते. म्हणूनच जबाबदार उत्पादक आकड्यावर न थांबता प्रत्येक रंगाचा तुकडा प्रमाण काचेवर प्रत्यक्ष वितळवून ताण तपासतात. एकमेकांशी जुळणाऱ्या रंगीत काचांची अशी मालिका १९८० च्या सुमारास उभी राहिली. जर्मन कलावंत क्लाउस मोये यांना आपल्या भट्टीकामासाठी तशी काच हवी होती, आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत त्यांची बुल्सआयच्या संस्थापकांपैकी एकाशी भेट झाली, त्यातून त्या कामाला गती आली. मोये पुढे १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले आणि कॅनबेराच्या कलाशाळेत त्यांनी काचविभाग उभा केला. भट्टीतल्या काचेचे अत्यंत नेमके काम करणारी एक संपूर्ण पिढी तिथून तयार झाली. कलावंत, काच बनवणारा कारखाना आणि शाळा या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या की काय होते, याचे हे मला सर्वांत पटणारे उदाहरण वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. माझ्या एका विद्यार्थिनीने तिच्या लग्नातला हिरवा चुडा जपून ठेवला होता; त्यातल्या काही बांगड्या फुटल्या होत्या आणि ते तुकडे खिडकीच्या काचेत वितळवून तिला आईसाठी तबक करायचे होते. मी नाही म्हटले नाही. तिला चाचणी करायला सांगितले. स्वच्छ काचेच्या पट्टीवर बांगडीचा लहान तुकडा ठेवून तो पूर्ण वितळवायचा, पट्टी नीट अ‍ॅनील करायची आणि फिल्ममधून पाहायची. तिच्या तुकड्याभोवती चारही बाजूंनी ठळक पांढरे वलय दिसले.

"ताई, म्हणजे हे तबक होणारच नाही?"

"खिडकीच्या काचेत नाही. पण बांगडी बांगडीशी तरी जुळते का, ते बघ ना."

एकाच चुड्यातल्या बांगड्या बहुधा एकाच ओतकामातल्या असतात, म्हणून ती आशा होती. त्यांची चाचणी चांगली आली. मग तिने खालची काच सोडूनच दिली, बांगड्यांचे अर्धगोल तुकडे शेल्फवर एकमेकांत गुंफून ठेवले आणि टॅक फ्यूजच्या तापमानाला फक्त टेकतील तिथे चिकटवले. वरची सोनेरी नक्षी जळून गेली. ती जाणार हे तिने आधीच वहीत लिहून ठेवले होते. जाळीसारखी ती वस्तू नंतर उथळ साच्यात वाकवली. अशा वस्तूत जाड आणि बारीक भाग शेजारी शेजारी असतात आणि ते वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, म्हणून अ‍ॅनीलिंगसाठी सर्वांत जाड भागाच्या दुप्पट जाडी धरायची असते; तो हिशेबही तिने मला न विचारता केला. मी शिकवलेल्या कामांपैकी ज्यांचा मला मनापासून आनंद आहे, त्यांत हे काम फार वर आहे.

काच शिकणे आणि शिकवणे ही पुणे परिसराला नवी गोष्ट नाही, हे मी प्रत्येक गटाला सांगते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. त्याची धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. तो कारखाना ही एक शाळाही होती. तिथे तयार झालेल्या लोकांनी पुढे देशाच्या इतर भागांत काचकारखाने चालवले. तिथले काम मुशीतल्या वितळलेल्या काचेचे होते, आमच्यासारखे सपाट काचांचे नव्हे. तरी माल विकण्याइतकेच माणसे तयार करण्याला महत्त्व देणारा तो विचार मला फार मोलाचा वाटतो, आणि तळेगाव आपल्यापासून लोकलने तासाभरावर असूनही काचेचे काम करणाऱ्या नव्या मंडळींना तो माहीत नसावा याचे वाईट वाटते.

आज पुण्यात एका दुपारच्या फ्यूजिंग कार्यशाळा होतात. लोक येतात, कापून ठेवलेल्या काचेवर रंगीत रवा पेरतात, आयोजक भट्टी लावतात आणि आठवड्याने कोस्टर घरपोच येतो. त्यातून कुतूहल जागे होते आणि ते चांगलेच आहे. पण त्या लोकांपैकी जे पुढे शिकायला येतात, त्यांना काच म्हणजे रंग आणि रचना असे वाटत असते, आणि मधल्या पंधरा तासांना त्यांच्या कल्पनेत जागाच नसते. ही समजूत मोडायला, कोरी पाटी घेऊन आलेल्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून अशा कार्यशाळा घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: निदान भट्टीचा आलेख भिंतीवर लावा आणि सहभागी लोकांना तो एकदा वाचून दाखवा.

भट्टीच्या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. माझी मोठी भट्टी भोसरीतल्या एका कारखान्याने बनवली, जिथे एरवी पोलादी भागांच्या हीट ट्रीटमेंटसाठी भट्ट्या बनतात. अ‍ॅनीलिंग, सोक (एका तापमानाला थांबणे), रॅम्प (ठरावीक वेगाने चढणे-उतरणे) हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले असल्यामुळे मला फार समजावून सांगावे लागले नाही. दोनच गोष्टींवर चर्चा झाली. मातीकामाच्या भट्टीत उष्णता देणाऱ्या तारा भिंतींत असतात, पण पसरट काचेला वरून सारखी उष्णता लागते, म्हणून तारा छतात हव्यात आणि भट्टी उंच नको, रुंद हवी. आणि थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे, टोक काचेच्या पातळीजवळ हवे, कारण छताजवळची हवा आणि काच यांच्या तापमानात चढताना बराच फरक असतो. त्यांनी रिकाम्या भट्टीत पाच ठिकाणी तापमान मोजून मला नकाशा काढून दिला, आणि तो आजही भट्टीशेजारी लावलेला आहे. पुढच्या डाव्या कोपऱ्यात दहा-बारा अंश कमी भरतात, म्हणून पूर्ण फ्यूज करायची वस्तू आम्ही तिथे ठेवत नाही.

घरी भट्टी घेण्याचा विचार करणारे विद्यार्थी आता वाढले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. सुरुवातीला दीड फूट रुंदीची, ८५० अंशांपर्यंत सहज जाणारी, सात-आठ टप्प्यांचा आलेख साठवू शकणारी भट्टी पुरते. त्याहून जास्त तापमानाची महाग भट्टी घेण्यापेक्षा तो पैसा चांगल्या कंट्रोलरवर घालवावा, कारण उतार सांभाळणे हे त्याचेच काम आहे. तीन किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपियर ओढते आणि अनेक तास ओढत राहते. तिला गीझर किंवा एसीच्या जोडणीवर लावू नये, स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग घ्यावे. बाल्कनीत ठेवणार असाल तर पावसाची झड आत येत नाही ना, हे एक पावसाळा पाहून मगच ठरवावे. भट्टी घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराची वायरिंग तपासून घ्यावी, आणि त्याला भट्टीचे किलोवॅट आणि ती सलग किती तास चालणार हे दोन्ही सांगावे. बहुतेक जण पहिलाच आकडा सांगतात, आणि तार कितीची घ्यायची हे दुसऱ्यावरही अवलंबून असते.